एक आणि दहा: तिबेरियास ते लोद

"ऐक इस्राएला, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एक आहे." मूळ हिब्रूतले हे सहा शब्दांचे वाक्य, म्हणजे 'शमा', धार्मिक ज्यू माणूस रोज सकाळी आणि रात्री म्हणतो आणि अंतकाळीही तेच ओठांवर असावे अशी इच्छा बाळगतो. असे असताना याच समाजातल्या गूढवाद्यांनी, म्हणजे कब्बाला परंपरेने, ईश्वराच्या प्रकट होण्याच्या दहा पायऱ्या मांडल्या. त्यांना त्यांनी सफिरोत म्हटले, केतेर, होखमा, बिना अशी नावे दिली, काहींत पुरुषतत्त्व तर काहींत स्त्रीतत्त्व पाहिले आणि त्यांची झाडासारखी आकृती रेखाटली. चौदाव्या शतकातले रब्बी इसाक बेन शेशेत यांनी आपल्या एका पत्रोत्तरात एका टीकाकाराचा शेरा नोंदवून ठेवला आहे: ख्रिस्ती लोक देवाला तीन मानतात, हे कब्बालावाले दहा मानतात. एकाच्या बाबतीत इतक्या काटेकोर धर्मात हे दहा कसे सामावले, या प्रश्नाने मला बरीच वर्षे धरून ठेवले होते. मार्चमध्ये, पूरीमचा सण नुकताच आटोपला असताना, पत्नीसह इस्रायलला जाण्याचा योग आला, तेव्हा प्रवासाची आखणीच या प्रश्नाभोवती केली.

मंगळवार: तिबेरियास

तिबेरियास गालील समुद्राच्या काठी, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २०० मीटर खाली वसलेले आहे. नावाने समुद्र असला तरी हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. मार्चमध्येही दुपारी हवा दमट होती आणि काठावरच्या खानावळीत आम्ही तळलेला मुश्त मासा खाल्ला. त्याला काटे मोठे असल्यामुळे तो निवांत खाता येतो.

गावात रामबाम, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रकार आणि तत्त्वज्ञ मोशे बेन मैमोन यांची कबर आहे. ते १२०४ साली इजिप्तमध्ये वारले आणि त्यांचा देह इथे आणला गेला अशी परंपरा आहे. कबरीकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना मिळून चौदा खांब उभे आहेत, त्यांच्या धर्मशास्त्रग्रंथाच्या चौदा भागांसाठी. या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ते सांगतात की ईश्वराचे एक असणे जगातल्या कोणत्याही एकासारखे नाही. अनेक व्यक्तींना पोटात घेणारी एक जात असते, तसे ते नाही आणि भागांत तोडता येणारी एक वस्तू असते, तसेही नाही. 'संभ्रमितांचा मार्गदर्शक' या ग्रंथात ते आणखी पुढे जातात. ईश्वर दयाळू आहे, ज्ञानी आहे, असे म्हणताना आपण त्याच्यावर गुण चिकटवले तर तो आणि त्याचे गुण असे अनेक निर्माण होतात. म्हणून दयाळू हे त्याच्या कृतीचे वर्णन समजावे आणि त्याच्या स्वरूपाविषयी तो काय नाही एवढेच बोलावे. इतके स्वच्छ आणि कठोर एकत्व वाचताना मला नेहमी आदर वाटत आला आहे. पण तसल्या ईश्वराची प्रार्थना कशी करायची, हा प्रश्नही त्या आदराबरोबरच येतो आणि कब्बालाचा जोर नेमका त्याच जागी आहे.

रामबामचे पुत्र अब्राहाम (११८६–१२३७) यांची आठवण इथे काढायला हवी. इजिप्तमधल्या ज्यू समाजाचे हे प्रमुख सूफींच्या साधनेविषयी आदराने लिहितात आणि इस्राएलच्या प्राचीन संदेष्ट्यांची रीत आता सूफींमध्ये दिसते असे म्हणतात. एकाच पिढीच्या अंतरात तर्काकडून साधनेकडे झालेले हे वळण पुढे जेरुसलेममध्ये पुन्हा आठवले.

कबरीच्या आवारात पुरुषांना डोके झाकावे लागते आणि दाराशी टोप्या ठेवलेल्या असतात; तरी स्वतःची टोपी किंवा मोठा रुमाल बरोबर असला म्हणजे सगळीकडे सोय होते. रब्बी अकिबा यांची कबर वरच्या टेकडीवर आहे. रोमनांनी त्यांना हाल करून मारले तेव्हा शमाची वेळ झाली होती आणि 'एखाद', म्हणजे एक, हा शेवटचा शब्द लांबवत असताना त्यांचा प्राण गेला, असे तालमूद हा ज्यूंचा प्राचीन धर्मग्रंथ सांगतो.

बुधवार आणि गुरुवार: त्स्फात

तिबेरियासहून त्स्फातला जाणारी बस तासाभरात सुमारे ११०० मीटर चढते. खाली ऊन होते आणि वर पोहोचलो तेव्हा धुक्यामुळे समोरची गल्ली दिसत नव्हती. त्स्फात सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, तेव्हा मार्चमध्ये स्वेटर आणि छत्री दोन्ही लागतात. जुन्या गावात गाडी जात नाही आणि पायऱ्यांना अंत नाही, म्हणून चाकांच्या बॅगेपेक्षा पाठीवरची पिशवी बरी.

१४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकलले गेले आणि १५१६ नंतर हा प्रदेश उस्मानी सत्तेखाली आला. त्यानंतरच्या काही दशकांत या डोंगरावर जी माणसे एकत्र आली, तशी क्वचितच कुठल्या लहान गावात आली असतील. 'शुल्हान आरुख' हा आजही प्रमाण मानला जाणारा आचारग्रंथ लिहिणारे योसेफ कारो, 'लेखा दोदी' हे शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या, स्वागताचे गीत रचणारे श्लोमो अल्काबेत्स, कब्बालाची शिस्तशीर मांडणी करणारे मोशे कोर्दोवेरो आणि अखेरीस इसाक लुरिया, ज्यांना सगळे आरी म्हणतात. १५७७ साली इथे हिब्रू पुस्तक छापलेही गेले. १८३७च्या भूकंपाने यातले बहुतेक सारे जमीनदोस्त केले आणि आज दिसणारी सिनेगॉग बव्हंशी त्यानंतर उभी राहिलेली आहेत.

टीकाकाराच्या शेऱ्याला कोर्दोवेरो यांनी 'पारदेस रिम्मोनिम' या ग्रंथात उत्तर दिले. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते. पाणी वेगवेगळ्या रंगांच्या भांड्यांत ओतले की लाल, हिरवे, पांढरे दिसते. पाण्याला मात्र रंग नाही. सूर्याचा किरण दहा रंगांच्या काचांमधून येतो तेव्हा दहा रंग दिसतात. किरणात मात्र बदल झालेला नाही. ईश्वराचे मूळ स्वरूप, ज्याला 'एन सोफ' म्हणजे अंत नसलेला असे म्हणतात, ते हे पाणी आणि सफिरोत ही भांडी. रामबाम ज्या गुणांना स्वरूपापासून दूर ठेवतात, त्यांना कोर्दोवेरो अशा रीतीने ईश्वराच्या कार्याची साधने म्हणून आत घेतात आणि प्रार्थना करणाऱ्याला हाक मारायला जागा मिळते. भांडी तरी ईश्वराहून वेगळी आहेत का, हा पुढचा प्रश्न त्यांनाही चुकला नव्हता. एका अर्थी वेगळी आणि एका अर्थी त्याचीच, असे ते म्हणतात आणि तिथे माझ्यासारख्याची गाडी अडते; पण प्रश्न टाळून पुढे न जाण्याची त्यांची वृत्ती मला फार मोलाची वाटते.

गुरुवारी दुपारी एका गल्लीत सोफेर, म्हणजे पवित्र लेख हाताने लिहिणारे एक वयस्क लेखनिक, खिडकीशी काम करताना दिसले. त्यांनी आम्हाला आत बोलावले. ते मेझुझा लिहीत होते. दाराच्या चौकटीला लावायची ही चामड्याची लहानशी गुंडाळी असते, तिच्यावर २२ ओळी असतात आणि सुरुवात शमाने होते. मायफळ, डिंक आणि हिराकस यांची शाई, पिसाची लेखणी. 'एखाद' या शब्दातले शेवटचे 'दालेत' हे अक्षर त्यांनी भिंगाखाली दाखवले. त्याचा उजवा कोपरा टोकदार हवा. तो गोल झाला तर दालेतचे 'रेश' होते आणि 'एक' या शब्दाचा 'दुसरा' होतो. तोरा या मूळ धर्मग्रंथाच्या गुंडाळीत हे दालेत मोठ्या आकारात लिहिण्याचा प्रघात आहे, तो अशी गफलत होऊ नये म्हणूनही आहे, असे ते म्हणाले. "सात वर्षांत दोनदा प्रत्येक मेझुझा उघडून तपासतात," त्यांनी सांगितले, "आणि मी सर्वांत आधी हा कोपरा पाहतो." शाई किंचित उडाली आहे का हे ते बोटाने न चाचपता प्रकाशात तिरके धरून बघत होते.

जेवणासाठी येमेनी पद्धतीचा लाहुह घ्यावा. आंबवलेल्या पिठाचा हा जाळीदार पदार्थ आपल्या आंबोळीच्या जवळचा आहे आणि आत इथले मेंढीच्या दुधाचे खारट चीज घालतात.

शुक्रवार: दफनभूमी आणि संध्याकाळ

सकाळी पाऊस थांबल्यावर गावाच्या पश्चिम उतारावरच्या जुन्या दफनभूमीत गेलो. महत्त्वाच्या कबरी निळ्या रंगवलेल्या आहेत, त्यामुळे लांबूनही ओळखू येतात. आरी, कोर्दोवेरो आणि अल्काबेत्स एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. ओल्या पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून चांगली पकड असलेले बूट हवेत.

आरी १५७० साली इथे आले आणि १५७२ साली साथीत वारले, तेव्हा ते अवघे ३८ वर्षांचे होते. त्यांनी स्वतः जवळजवळ काहीच लिहिले नाही. जे आहे ते मुख्यतः हायिम विताल या शिष्याने लिहून ठेवले. त्यांच्या मांडणीत अनंत ईश्वर प्रथम स्वतःला आवरून घेतो, कारण सगळीकडे तोच असेल तर जगाला जागा कुठून मिळणार. त्या मोकळ्या जागेत त्याचा प्रकाश येतो, पण तो धरणारी पात्रे त्या तेजाने फुटतात आणि ठिणग्या सगळ्या वस्तूंमध्ये विखुरतात. ईश्वराचे जगातले सान्निध्य, म्हणजे दहावी सफिरा किंवा शेखिना, जणू वनवासात आहे. माणसाने मन एकाग्र करून केलेले प्रत्येक विहित कर्म एकेक ठिणगी उचलून जागेवर नेते. म्हणूनच अनेक प्रार्थनापुस्तकांत कर्मापूर्वी 'परमपवित्र आणि त्याची शेखिना यांच्या ऐक्यासाठी' असे म्हणण्याची प्रथा आली. मला या प्रवासात सापडलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. रामबामसाठी ईश्वराचे एकत्व बुद्धीने जाणून घ्यायचे सत्य आहे. त्स्फातच्या माणसांसाठी ते एक अपुरे राहिलेले काम आहे आणि त्यात जेवणापूर्वी हात धुणाऱ्या बाईचाही वाटा आहे. कब्बालाचे इतिहासकार गेर्शोम शोलेम यांनी या तुटण्या-जोडण्याचा संबंध स्पेनमधल्या हकालपट्टीच्या जखमेशी लावला. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या आहेत, पण निर्वासितांच्या या गावात उभे राहिल्यावर शोलेम यांचे म्हणणे सहज पटते.

शुक्रवारी दुपारनंतर बस बंद होतात, दुकाने मिटतात आणि शनिवारी रात्रीपर्यंत काहीही मिळत नाही. फळे, पाव, पाणी दुपारी बारापर्यंत घेऊन ठेवावे.

सूर्यास्ताच्या सुमारास आरीच्या नावाच्या अश्केनाझी सिनेगॉगमध्ये गेलो. जैतुनाच्या लाकडातले तिथले कोरीवकाम दिवसा पाहून घ्यावे, कारण शब्बाथला उभे राहायलाही जागा नसते. आरी आणि त्यांचे शिष्य पांढरे कपडे घालून शब्बाथचे स्वागत करायला शेतात जात. आजही 'लेखा दोदी'च्या शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळतात, वधू यावी तसा शब्बाथ येतो म्हणून. या गीताच्या पहिल्याच कडव्यात 'परमेश्वर एक आणि त्याचे नाव एक' हे शब्द आहेत. ते कडवे गाताना आजूबाजूच्या दोन-तीनशे माणसांनी धरलेला ताल पायांखालच्या फरशीत जाणवत होता. पत्नी वरच्या मजल्यावर स्त्रियांच्या भागात होती. तिथे एका आजींनी तिच्या हातात पुस्तक देऊन प्रत्येक पान बोटाने दाखवले, असे तिने नंतर सांगितले.

शनिवार: शब्बाथ

सिनेगॉगच्या दारात भेटलेल्या हसिदी या ज्यू भक्तिपंथातल्या एका कुटुंबाने दुपारच्या जेवणाला बोलावले. त्स्फातमध्ये अनोळखी माणसाला असे बोलावणे नवे नाही आणि ते नाकारू नये. शब्बाथला घराची घंटा वाजवायची नसते, फोटो काढायचे नसतात आणि यजमानीणबाईंशी पुरुषाने हस्तांदोलन करायचे नसते. जेवायला हामिन होते. शुक्रवारी चुलीवर ठेवून रात्रभर मंद आचेवर शिजलेले बटाटे, सातू, घेवडा आणि मांस. आम्ही शाकाहारी असल्यामुळे यजमानीणबाईंनी आमच्यासाठी अंड्यांचे आणि वांग्याचे वेगळे पदार्थ पुढे केले. मासा खाणारे शाकाहारी हे त्यांना जरा कोड्यात टाकणारे होते.

यजमान 'तान्या'चे अभ्यासक. लियादीचे श्नेऊर झलमान यांचा हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या अखेरीचा आणि त्याचा दुसरा भाग संपूर्णपणे ईश्वराच्या एकत्वाविषयी आहे. मी आरींच्या आवरून घेण्याविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले की ते आवरणे आपल्या बाजूने खरे आहे, त्याच्या बाजूने काहीच आवरलेले नाही. सृष्टी ईश्वराच्या शब्दाने निर्माण झाली आणि तो शब्द अजून उच्चारला जात आहे. क्षणभर थांबला तर जग मुळी नव्हतेच अशा अवस्थेला जाईल. शमा हे वरचे ऐक्य, कारण तिथे त्याच्यावाचून काही नाही. शमानंतरचे 'त्याच्या राज्याचे वैभवी नाव सदा धन्य असो' हे वाक्य खालचे ऐक्य, कारण तिथे जग आहे आणि तो त्याचा राजा आहे. हे दुसरे वाक्य वर्षभर हळू आवाजात म्हणतात आणि फक्त योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, मोठ्याने.

"तुमच्याकडेही सगळे एकच आहे असे सांगतात ना?" त्यांनी विचारले. अद्वैत म्हणून मोकळे होणे सोपे होते, पण मी थांबलो. त्यांच्या वरच्या ऐक्याला आपल्या वेदान्ताचा सूर लागतो हे खरे. मात्र जग खोटे म्हणून सोडून द्यावे असे त्यांना म्हणायचे नसते. समोरचे जेवण, त्यावरचा आशीर्वाद, पाहुण्याला वाढणे, यांतूनच ऐक्य साधायचे आहे. मी तसे सांगितल्यावर ते बराच वेळ प्रश्न विचारत राहिले आणि दुपार कधी टळली ते कळले नाही.

रविवार: मेरोन

त्स्फातहून मेरोन जवळ आहे. रब्बी शिमोन बार योहाय यांची समाधी इथे आहे. दुसऱ्या शतकातल्या या ऋषितुल्य माणसाच्या तोंडी कब्बालाचा प्रमुख ग्रंथ 'जोहार' घातलेला आहे. मोशे दे लिओन यांच्या हातून तेराव्या शतकाच्या शेवटी तो स्पेनमध्ये प्रकट झाला आणि शोलेम यांच्या संशोधनापासून बहुतेक अभ्यासक त्याची रचनाही त्याच काळातली मानतात. समाधीशी मेणबत्ती लावणाऱ्याला हा वाद महत्त्वाचा नाही आणि त्यामुळे त्याच्या भक्तीला उणेपणा येतो असेही मला वाटत नाही.

आवारात एका तीन वर्षांच्या मुलाचे केस कापण्याचा विधी चालला होता. आजोबा, काका, मामा, शेजारी असे एकेक जण येऊन एकेक बट कापत होते. आपल्याकडच्या जावळाची आठवण येणे अपरिहार्य होते. मुलगा रडत होता, त्याच्या तोंडात खाऊ कोंबला जात होता, आणि आम्हालाही एका माणसाने कागदी पेल्यात गरम चहा आणून दिला. लाग बाओमेर या वसंतातल्या सणाच्या दिवशी इथे लाखोंची गर्दी होते. २०२१ साली त्या गर्दीत चेंगरून ४५ माणसे मृत्युमुखी पडली. तो दिवस टाळून यावे. लेबनॉनची सीमा जवळ असल्यामुळे निघण्यापूर्वी परिस्थितीची चौकशी करावी हे वेगळे सांगायला नको.

सोमवार आणि मंगळवार: जेरुसलेम

जुन्या शहरात बेत एल नावाचे कब्बालावाद्यांचे सिनेगॉग आहे. संस्था १७३७ची, पुढे येमेनहून आलेले शालोम शराबी तिचे प्रमुख झाले. आधी परवानगी घेऊन मी पहाटेच्या प्रार्थनेला मागे बसलो. शराबींच्या प्रार्थनापुस्तकात एका पानावर प्रार्थनेचे दोन-चार शब्दच असतात. बाकीचे पान ईश्वराच्या नावाच्या अक्षरांच्या जुळण्यांनी भरलेले असते आणि शब्द उच्चारण्याआधी त्या सगळ्या जुळण्या मनाने चालून जायच्या असतात. शमाशी पोहोचल्यावर सगळ्यांनी उजव्या हाताने डोळे झाकले आणि पुढचा शब्द यायला इतका वेळ लागला की रस्त्यावरचे दुकानदार शटर उघडत होते तेही स्पष्ट ऐकू आले. त्स्फातमध्ये ऐकलेले 'ऐक्य हे काम आहे' ते इथे अंगमेहनतीसारखे दिसले.

मंगळवारी हेरोद दरवाजाजवळच्या भारतीय धर्मशाळेत, म्हणजे जाविया अल-हिंदियात, गेलो. पंजाबचे बाबा फरीद सुमारे १२०० साली इथे राहून साधना करत होते अशी परंपरा आहे आणि जमिनीखालची ती लहान खोली दाखवतात. १९२४ पासून सहारनपूरहून आलेल्या एका कुटुंबाकडे या जागेची व्यवस्था आहे. आधी फोन करून जावे. बाबा फरीद यांचाच समकालीन म्हणजे स्पेनमध्ये जन्मलेला इब्न अरबी (११६५–१२४०). अस्तित्व एकच आहे हा त्याच्या विचाराचा गाभा. त्याला 'वहदत अल-वुजूद' हे नाव पुढच्या परंपरेने दिले. स्पेनच्या एकाच भूमीतून निघालेल्या इब्न अरबी आणि 'जोहार' या दोघांनीही एकाच शतकात एकाच्या प्रकट होण्याचा शोध घेतला, याचा मी त्या अंगणातल्या लिंबाच्या सावलीत बराच वेळ विचार केला.

बुधवार: लोद

मुंबईतल्या एका स्नेह्यांच्या ओळखीने लोदमध्ये एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, मावशींकडे गेलो. पेणजवळच्या गावात जन्म, भायखळ्यात बालपण आणि इस्रायलमध्ये अनेक दशके. दारावरच्या मेझुझाला हात लावून त्यांनी तो ओठांना टेकवला आणि म्हणाल्या, "या, बसा. पुरणपोळी ठेवली आहे. होळीचा सण झाला ना परवाच." पूरीमला कोकणातले बेने इस्राएली होळीचा सण म्हणत आले आहेत.

मी त्स्फातच्या गोष्टी सांगितल्या. त्यांनी मन लावून ऐकल्या आणि मग म्हणाल्या, "आमच्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाचताही येत नसे. पण बाळाची सुंता असो, लग्न असो, कुणी गेलेलं असो, शमा म्हणायचीच. तिच्याही आजीला तेवढंच येत होतं." इतिहासाची नोंदही हेच सांगते. कोकणात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनिवार तेली हिब्रू आणि बहुतेक विधी विसरले होते. सुंता, शनिवार, खवले-पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि शमा एवढे त्यांच्याकडे शिल्लक होते. इस्रायलमध्ये आल्यावर त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली आणि आंदोलनानंतर १९६४ साली त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. मावशी त्या आंदोलनाविषयी फार बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "देव एक म्हणणाऱ्यांना देव कोणता ते विचारत होते."

दहा सफिरोत, फुटलेली पात्रे, अक्षरांच्या जुळण्या, या साऱ्या इमारतीच्या पायाशी असलेले एक वाक्य या समाजाने इमारतीवाचून शतकानुशतके जपले. कब्बालाचे मोठेपण मला यामुळे कमी झालेले दिसत नाही. आजी शमा कशी म्हणायची ते मावशींनी दाखवले, तेव्हा त्यांनीही बेत एलमधल्या माणसांप्रमाणे डोळ्यांवर हात ठेवला आणि शेवटचा शब्द लांबवला.

लोदला तेल अवीवहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. मराठी बोलणारी जुनी मंडळी अशदोद, बेरशेबा आणि दिमोना इथेही आहेत. निघताना मावशींनी आमच्यासाठी एक वेगळाच बेत आखून दिला: पावसाळ्यानंतर अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन आबोत सिनेगॉग, नवगावची जुनी दफनभूमी, रेवदंडा आणि अलिबागकडच्या खंडाळ्याजवळचा एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, टापा, आणि टाप्याशी मलिदा हा नैवेद्य करायचा असेल तर पोहे, ओला नारळ, साखर, खजूर आणि फळे बरोबर न्यायची. नोव्हेंबरात जायचे आम्ही ठरवले आहे.